वाघळाला विषाणू बाधत का नाहीत?

चैत्रात सकाळी काजूच्या बागेत गेलात, तर झाडाखाली चोथा झालेले बोंडू पडलेले दिसतात. रस शोषायचा आणि चोथा टाकायचा, ही वाघळांची खाण्याची रीत. पूर्वी त्याकडे कोणी लक्ष देत नसे. 2018 साली केरळात कोझिकोडला वाघळांकडून पसरणाऱ्या निपा विषाणूने माणसं दगावली आणि वाघळांची भीती बसली. पुढे 2020 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने महाबळेश्वरच्या गुहेत पकडलेल्या काही वाघळांमध्येही निपाविरुद्धची प्रतिपिंडं आढळली. महाबळेश्वर म्हणजे आपल्या घाटमाथ्यावरच.

पण निपा अंगात असतानाही वाघूळ सहसा आजारी दिसत नाही. असं का?

विषाणूजन्य आजारात शरीराचं बरंच नुकसान आपलीच प्रतिकारशक्ती करते. कोविडच्या गंभीर रुग्णांची फुप्फुसं बेफाम दाहामुळे निकामी होत होती. वाघळाने हा दाहच आवरला आहे, आणि त्याचं मूळ बहुधा त्याच्या उडण्यात आहे. उडताना ऊर्जेचा वापर कित्येक पटींनी वाढतो, पेशींवर ताण येतो, डीएनएचे तुकडे भलत्या जागी सांडतात. आपल्या पेशीत असे तुकडे दिसले की ‘स्टिंग’ नावाचं प्रथिन धोक्याची घंटा वाजवतं. वाघळाच्या शरीरात ती रोज रात्री वाजत राहिली असती. 2018 मध्ये उलगडा झाला: या प्रथिनात 358व्या जागी इतर सस्तन प्राण्यांमध्ये असलेलं सेरीन हे अमिनो आम्ल वाघळांमध्ये बदललेलं आहे, त्यामुळे घंटेचा आवाज मंद झाला आहे. दाह भडकवणारं ‘एनएलआरपी3’ हे आणखी एक प्रथिनही त्यांच्यात मवाळ असल्याचं पुढच्याच वर्षी दिसलं.

म्हणजे पहारा ढिला आहे असं मात्र नाही. ऑस्ट्रेलियातल्या काळ्या फळवाघळात विषाणू नसतानाही इंटरफेरॉन हे विषाणूंना रोखणारं प्रथिन थोडं थोडं तयार होतच असतं. दाह आवरण्याचा फायदा आयुष्यालाही होत असावा: जेमतेम 7 ग्रॅम वजनाचं ब्रँटचं वाघूळ सैबेरियात 41 वर्षं जगल्याची नोंद आहे. रेबीज मात्र वाघळालाही मारतो, म्हणून खाली पडलेलं वाघूळ हाताने उचलू नये. उष्टं फळही खाऊ नये.

भीतीपोटी वाघळांचा वड तोडणं मात्र मला घातक वाटतं. उपाशी, ताणाखालचं वाघूळ विषाणू जास्त बाहेर टाकतं. ऑस्ट्रेलियात हेंड्रा विषाणू फळवाघळांकडून घोड्यांना होतो. तिथे ज्या हिवाळ्यात उरल्यासुरल्या जंगलातली निलगिरी भरभरून फुलली, त्या हिवाळ्यात घोड्यांना हेंड्रा झालाच नाही.