दररोज तीन तास, आईविना

अधिक चिन्हाच्या आकाराची एक फळी जमिनीपासून बरीच उंच बसवलेली असते. चारपैकी दोन वाटांना भिंती, दोन उघड्या. उंदराला मधोमध सोडायचं आणि तो कुठे किती वेळ काढतो ते मोजायचं. उघड्यावर यायला उंदीर एरवीही बिचकतो, पण कुतूहलापोटी डोकावतो, जाऊन येतो. चिंतेनं घेरलेला उंदीर मात्र भिंतीचा आडोसा सोडत नाही. त्याला ‘हल्ली कसं वाटतंय’ असं विचारता येत नाही, म्हणून ही फळी.

कुलाब्यात, नेव्हीनगरच्या टोकाला असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मेंदूशास्त्रज्ञ डॉ. विदिता वैद्य अशा मोजमापांच्या आधारे एका प्रश्नाचा माग काढत आहेत: कोवळ्या वयात सोसलेला ताण मोठेपणी मेंदूत नेमका कुठे उरतो? अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मेंदूशास्त्रज्ञ रोनाल्ड ड्युमन यांच्याकडे पीएचडी करून त्या मुंबईला परतल्या. २०१५ साली भटनागर आणि २०२२ साली इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला.

प्रयोग ऐकायला साधा आहे. उंदराची पिल्लं जन्मानंतरच्या दुसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत रोज ३ तास आईपासून दूर ठेवायची. त्या वयात त्यांचे डोळेही नीट उघडलेले नसतात. त्यानंतर काहीच करायचं नाही. पिल्लं इतरांसारखीच वाढतात. मोठी झाल्यावर त्यांना फळीवर सोडलं, की ती भिंतीला धरून बसतात.

या उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागात एक बदल दिसला. सेरोटोनिन हे मेंदूतलं एक निरोप्या रसायन. त्याचा निरोप चेतापेशीपर्यंत पोचवणारे अनेक ‘ग्राही’ असतात. त्यांपैकी ‘५-एचटी-२ए’ नावाचा ग्राही जरा जास्तच जोरात काम करत होता. (एलएसडी हे नशेचं द्रव्य घेतल्यावर भास होतात, ते याच ग्राहीमार्फत.) पण ग्राहीचा जोर वाढल्यामुळे चिंता येते, की दोन्ही नुसती सोबत येतात? वैद्य यांच्या गटानं ताटातुटीच्या त्याच दिवसांत पिल्लांना हा ग्राही अडवणारं औषध दिलं. आई तेवढीच दुरावली, पण मोठेपणीची चिंता आली नाही. मला या सगळ्या कामातला हा सर्वांत देखणा प्रयोग वाटतो.

२०२० साली त्यांनी उलट टोकानं सुरुवात केली. या वेळी ताटातूट नाहीच. जनुकीय बदल केलेल्या उंदरांच्या पुढच्या मेंदूतल्या चेतापेशी, ५-एचटी-२ए ज्या अंतर्गत मार्गानं पेशीला चेतवतो त्याच मार्गानं, दुसऱ्या ते चौदाव्या दिवसांत कृत्रिमरीत्या चेतवल्या. आईच्या कुशीत वाढलेले हे उंदीरही मोठेपणी चिंताग्रस्त निघाले. हेच थोड्या मोठ्या किंवा प्रौढ उंदरांत केलं, तर तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे ताण किती, याइतकंच तो कधी आला हेही महत्त्वाचं.

सेरोटोनिनला ‘आनंदाचं रसायन’ म्हणायची आपल्याकडे टूम आहे. ती या निष्कर्षांपुढे टिकत नाही. मुळात शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात तयार होतं. शिवाय, मेंदूत त्याचा वावर वाढवणारं फ्लुओक्सेटिन प्रौढांचं नैराश्य हलकं करतं, पण तेच औषध अगदी लहान पिल्लांना दिलं, तर ती मोठेपणी चिंताग्रस्त होतात. (हे वाचून कुणी गरोदर स्त्रीनं मनानंच गोळ्या बंद करू नयेत. उपचारांविना राहिलेलं नैराश्य हाही आई आणि बाळावरचा ताणच आहे. निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.)

आणि पिल्लांच्या प्रयोगांत खलनायक ठरलेला हा ५-एचटी-२ए ग्राही एका कामात चक्क पोशिंदा निघाला. वैद्य आणि तेव्हा त्याच संस्थेत असलेले उल्लास कोल्थूर-सीताराम यांच्या गटांनी २०१९ साली दाखवलं, की सेरोटोनिन दिल्यावर मेंदूच्या बाह्य थरातल्या चेतापेशींमध्ये तंतुकणिका, म्हणजे पेशीतली वीजघरं, वाढतात आणि एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारं रसायनही जास्त तयार होतं. हा निरोपही ५-एचटी-२ए मार्फतच जातो. पुढे ‘सर्ट-१’ नावाचं प्रथिन कामाला लागतं. ते नसेल, तर नवी वीजघरं उभी राहत नाहीत. अशा जास्त ऊर्जा असलेल्या पेशींवर मग घातक रसायनांचा मारा केला, तेव्हा त्या इतर पेशींपेक्षा अधिक तग धरून राहिल्या.