पार्श्वभूमी : मुंबईतला फोन आणि इनकमिंगचे पैसे

‘मोबाइल आला तेव्हा मिनिटाला सोळा रुपये पडायचे’ हे हल्ली सगळ्यांना पाठ असतं. आकडा खरा आहे, पण अर्धाच. नेमका दर १६.८० रुपये होता, तोही गर्दीच्या वेळचा. आणि तो फोन करणाऱ्याला नव्हे, मोबाइल बाळगणाऱ्याला पडायचा: त्याने फोन केला तरी आणि त्याला फोन आला तरी. हा दुसरा भाग विसरला गेला आहे. खरं तर १९९५ ते २००३ या काळात मोबाइल खिशात असूनही लोक तो उचलायला का कचरत, याचं उत्तर त्यातच आहे.

मुंबईत टेलिफोन १८८२ साली आला. त्यानंतरची शंभरेक वर्षं इथे एका परिच्छेदात उरकायला हरकत नाही, कारण सामान्य घराच्या दृष्टीने तो सगळा काळ प्रतीक्षायादीचा होता. यंत्र टेलिफोन खात्याचं असायचं, त्याची वेगळी किंमत द्यावी लागत नसे. महाग होता तो नंबर लागणं. अर्ज साधा, खास किंवा ‘ओवायटी’ वर्गात भरायचा. ओवायटी म्हणजे मोठी रक्कम आधीच भरून छोट्या रांगेत उभं राहण्याची सोय. १९९०च्या दशकात त्यासाठी १५,००० रुपये लागत आणि त्याहून घाई असलेल्यांसाठी ३०,००० रुपयांची ‘तत्काळ’ योजना निघाली. पैसे भरूनही अर्जावर ‘टीएनएफ’ असा शेरा पडू शके. म्हणजे एक्स्चेंजमध्ये नंबर आहे, पण घरापर्यंत तांब्याची मोकळी जोडी नाही. एक्स्चेंजच्या एमडीएफपासून, म्हणजे सगळ्या तारा जिथे जोडल्या जात त्या चौकटीपासून, रस्त्यावरचा पिलर (जोडण्यांची पेटी), तिथून इमारतीचा डीपी, म्हणजे तारा वाटून देणारा डबा, आणि डीपीतून घरातलं रोझेट, म्हणजे भिंतीवरची डबी, अशी ती जोडी जायची. यातला एक दुवा भरलेला असला की पुढचं सगळं अडकलं. त्यामुळे एकाच गल्लीत एका इमारतीला महिन्याभरात फोन लागे आणि शेजारची इमारत वर्षानुवर्षं वाट पाही. त्यात वशिला नेहमीच असे असं नाही, बऱ्याचदा डीपीच भरलेला असे. गिरगाव-लालबागच्या चाळींतून लग्नपत्रिकांवर छापले जाणारे ‘पी.पी.’ नंबर ही याच टंचाईची पैदास. मजल्यावर एकाकडे फोन, आणि बाकी बिऱ्हाडांचे निरोप त्याच्या दारातून.

लागलेला फोन चालू राहील याचीही हमी नव्हती. जुन्या भूमिगत केबलींत तारांवर कागदाचं वेष्टण आणि बाहेर शिशाचं आवरण असे. रस्ता खणताना आवरणाला चीर गेली किंवा जोड नीट बंद झाला नाही, की पहिल्या मोठ्या पावसात कागद पाणी पिई. मग आधी खरखर, नंतर दुसऱ्याचंच बोलणं ऐकू येणं आणि शेवटी फोन ठप्प. एका जोडातून शेकडो जोड्या जात असल्याने अख्खी वस्ती एकदम मुकी व्हायची. लाइनमनने वरवर जोड सुकवला की फोन सुरू होई आणि पुढच्या सरीला पुन्हा बंद पडे.

बिलाचं प्रकरण निराळं. ट्रंक कॉलमध्ये, म्हणजे ऑपरेटरकडून जोडून घेतलेल्या परगावच्या कॉलमध्ये, ‘अर्जंट’ला साध्याच्या दुप्पट आणि ‘लायटनिंग’ला आठपट पैसे पडत, आकार ऑपरेटर सांगे, त्यामुळे धक्का तिथल्या तिथे बसे. एसटीडीत, म्हणजे ऑपरेटरविना थेट लावलेल्या परगावच्या कॉलमध्ये, मात्र पैसे पल्सवर, म्हणजे एका एककाच्या भावात मिळणाऱ्या सेकंदांवर, मोजले जात. गाव जितकं लांब तितका पल्स आखूड, म्हणजे मीटर तितका वेगाने पळे. १९९०च्या दशकात हजार किलोमीटरपलीकडे भर दिवसा बोललं तर मिनिटाला तीस रुपयांच्या वर जात. म्हणून रात्री उशिरा पाव दर लागू झाला की पिवळ्या पाटीच्या बूथांसमोर रांगा लागत. घरी डायलच्या पहिल्या भोकात छोटं कुलूप लावायची पद्धत होती. ते फारसं कामाचं नव्हतं. डायल फिरताना लाइन सेकंदाला साधारण दहा वेळा तुटते-जोडते एवढंच घडतं, आणि रिसीव्हर ठेवायच्या दट्ट्यावर त्या लयीत टिचक्या मारल्या तरी तोच परिणाम. पाचसाठी पाच टिचक्या, शून्यासाठी दहा, दोन आकड्यांमध्ये थोडी उसंत. कुलूप न उघडता दिल्ली लागे. त्याहून महाग पडायचा तो जिन्याखालचा उघडा डीपी. तिथे कोणीही आपलं यंत्र तुमच्या जोडीला लावून बोलू शके. एक्स्चेंजमधल्या मीटरला बोलणारा कोण याच्याशी देणंघेणं नसे, आणि बिल दोन महिन्यांनी येई. तोवर सिद्ध काय करणार?

अशा शहरात १९९५ साली मोबाइल आला. मुंबईत दोनच परवानाधारक, नंबर ९८२० आणि ९८२१ ने सुरू होणारे. हँडसेट चाळीस-पंचेचाळीस हजारांच्या घरात, आणि सोनं तेव्हा तोळ्याला पाच हजारांच्या आत होतं. तरीही हँडसेट हा एकदाच करायचा खर्च. महिन्याचं भाडंही, १५६ रुपये, फार नव्हतं. कंबरडं मोडायचं ते एअरटाइमने, म्हणजे बोलण्याच्या वेळेच्या आकाराने. एककाचा दर १.४० रुपये होता. साध्या वेळी एका एककात १० सेकंद मिळत, म्हणजे मिनिटाला ८.४०, गर्दीच्या वेळी ५ सेकंद, म्हणजे १६.८०, रात्री-बेरात्री २० सेकंद, म्हणजे ४.२०. कामाच्या वेळी तीन-तीन मिनिटांचे दोन फोन नुसते घेतले, तर दिवसाला १००.८० रुपये गेले. महिन्याच्या पंचवीस दिवसांत अडीच हजार, तेही स्वतः एकदाही नंबर न फिरवता. समोरच्याला घरच्या फोनवरून हाच कॉल एका स्थानिक कॉलच्या भावात पडे, आणि तो मजेत विचारी, ‘काय, जेवलात का?’

इनकमिंगला पैसे लावणं हा निव्वळ कंपन्यांचा हावरटपणा होता, असं आता सर्रास लिहिलं जातं. ते बरोबर नाही. घोळ रचनेतच होता. घरच्या फोनवरून मोबाइलला कॉल गेला की त्याचे पैसे घरच्या फोनचं जाळं चालवणाऱ्याकडे जमा होत, आणि त्यातला हिस्सा मोबाइल कंपनीला मिळत नसे. कॉल शेवटपर्यंत पोचवायचा खर्च मात्र तिचा. तो ती ज्याच्याकडून वसूल करू शकत होती, त्याच्याकडूनच करत होती. उपाय एकच: फोन करणाऱ्याने जास्त द्यायचे आणि त्यातला वाटा पलीकडे जायचा. त्यासाठी एक्स्चेंजला ९८ने सुरू होणारे आकडे ओळखून वेगळा, आखूड पल्स लावावा लागणार होता. हे तांत्रिकदृष्ट्या अवघड होतं असं भासवलं गेलं, पण एसटीडीसाठी तीच एक्स्चेंजेस नेमकं हेच करत होती.

खरा विरोध वेगळ्या मुद्द्यावर होता. घरी साधा फोन असलेल्या माणसाने मोबाइलवाल्या श्रीमंताचा खर्च का उचलायचा? प्रश्न तेव्हा रास्त होता. १९९९ मध्ये दूरसंचार नियामकाने, म्हणजे ‘ट्राय’ने, आधी दर बदलले: भाडं १५६ वरून ६०० रुपयांवर गेलं आणि मिनिटाचा दर ६ रुपयांवर आला. त्यानंतर त्याने फोन करणाऱ्याकडून पैसे घ्यायची पद्धत १ नोव्हेंबर १९९९ पासून लागू करायचं फर्मान काढलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि जानेवारी २००० मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. परवान्यातल्या अटी आणि दोन जाळ्यांमधला हिशोब बदलायचा अधिकार नियामकाला नाही, असा त्याचा गाभा. मोबाइल महाग असावा की स्वस्त, यावर न्यायालयाने काही म्हटलं नव्हतं. लोकांच्या पदरात मात्र एवढंच पडलं की इनकमिंगचे पैसे पुढची तीन वर्षं चालू राहिले. हा उशीर ग्राहकाला फार महाग पडला, आणि त्याचा हिशोब कोणीच दिला नाही.

कोंडी फुटली ती बाजाराच्या रेट्याने. ‘मर्यादित फिरती सेवा’ या नावाने आलेल्या डब्ल्यूएलएल, म्हणजे बिनतारी जोडणीच्या, फोनला इनकमिंग फुकट होतं आणि दर लँडलाइनचा. त्यावरून मोबाइल कंपन्यांनी आरडाओरडा केला, खटले लढवले आणि त्याच वेळी आपल्या जाळ्यातलं इनकमिंग फुकट करायला सुरुवातही केली. शेवटी १ मे २००३ पासून जाळ्याजाळ्यांतल्या हिशोबाची नवी पद्धत लागू झाली आणि इनकमिंग सगळीकडे फुकट झालं. १९९९चा आदेश तत्त्वाने हेच मागत होता.

त्या मे महिन्यात घरच्या फोनवरून मोबाइलला लावलेल्या कॉलचा पल्स आखूड झाला, आणि पुढच्या दोन महिन्यांच्या बिलावरून तक्रारी सुरू झाल्या. बिल वाढलं की आधी एसटीडी तपासायची सवय असलेल्या घरांना ९८चे नंबर तपासायचं सुचायला वेळ लागला. एसटीडी बंद करून घेऊनही उपयोग नव्हता, कारण शून्य बंद केलं तरी नऊ चालू राही. मिस्ड कॉलचं कामही बदललं. आधी फोन घेणारा पैसे वाचवायला कॉल कापून घरच्या फोनवरून उलट लावायचा. आता फोन करणारा एक रिंग देऊन ठेवू लागला, म्हणजे पैसे समोरच्याचे.