काळी पडणारी चांदी आणि वायू ओळखणारा थर

कोल्हापूरजवळच्या हुपरीची चांदीची पैंजणं कपाटात नुसती पडून राहिली तरी काळवंडतात. हवेत हायड्रोजन सल्फाइडचा जरासा अंश असतो. तो चांदीला लागतो आणि वर सिल्व्हर सल्फाइडचा पापुद्रा धरतो. घरात ही कटकटच, रिठ्याचं पाणी करा आणि घासत बसा. पण त्या पैंजणाने हवेतला एक वायू ओळखून दाखवलेला असतो. केमिकल सेन्सरचा, म्हणजे असे पदार्थ ओळखणाऱ्या उपकरणांचा, बराचसा इतिहास असल्याच कटकटींतून निघाला आहे.

त्याआधी वायू ओळखायचं काम जिवंत प्राण्यांकडे होतं. कोळशाच्या खाणीत कार्बन मोनॉक्साइडची चाहूल लागावी म्हणून कॅनरी पक्षी न्यायची सूचना १८९०च्या दशकात जॉन स्कॉट हाल्डेन यांनी केली. माणसाआधी पक्षी कोलमडायचा.

पुढचं वळण ट्रान्झिस्टरवाल्यांच्या डोकेदुखीतून आलं. ट्रान्झिस्टरसाठी वापरायच्या जर्मेनियमच्या तुकड्याभोवतीची हवा बदलली, दमट झाली किंवा तिच्यात ओझोन मिसळला, की त्याच्या पृष्ठभागाचं विजेचं वागणंही बदलायचं. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेतल्या ब्रॅटन आणि बार्डीन यांनी १९५३ मध्ये हा प्रकार नीट मांडला. त्यांना तो आवरायचा होता. दुसऱ्या कुणाला तरी तो वापरावासा वाटणं बाकी होतं.

तसं जपानमध्ये वाटलं. तिथे घरोघरी सिलिंडर पोचले होते, गळतीचे स्फोटही होत होते. १९६२ मध्ये सेइयामा यांनी झिंक ऑक्साइडच्या पातळ थराने वायू ओळखून दाखवला, आणि त्याच वर्षी तागुची यांनी पेटंटसाठी अर्ज केला. त्यांचा टिन ऑक्साइडचा सेन्सर पुढे बाजारात गाजला. हा थर दोन-चारशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवला, की हवेतला ऑक्सिजन त्यावर चिकटतो आणि त्यातले इलेक्ट्रॉन ओढून धरतो, थराचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो. सिलिंडरचा गॅस आला, की तो त्या ऑक्सिजनशी जळतो, इलेक्ट्रॉन परत थरात येतात आणि रोध झपकन उतरतो. तेवढ्यावर भोंगा वाजतो.

आणि १९६२च्याच १८ नोव्हेंबरला कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ सुरू झालं. योगायोगच, पण मला तो आवडतो. कारण पुढे इथल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांची ओळख झाली ती असल्याच पातळ थरांमुळे. तापलेल्या काचपट्टीवर क्षारांचं द्रावण फवारायचं, पाणी उडून जातं, मागे ऑक्साइडचा थर उरतो. किंवा पट्टी नुसती द्रावणात बुडवून ठेवायची. महागडं निर्वात यंत्र लागत नाही, त्यामुळे बेताच्या पैशात संशोधन चालतं. नायट्रोजन डायऑक्साइड ओळखणारे झिंक ऑक्साइडचे थर इथे असेच बनले.

या सेन्सरची खोड मात्र जुनीच आहे: त्याला गॅस आणि दारूची वाफ यांतला फरक धड कळत नाही, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत आकडे हलतात.

रेणूची नेमकी ओळख पटवणारी वाट चांदीतूनच सापडली. १९२८च्या रामन परिणामात प्रत्येक रेणू त्याच्यावरून विखुरणाऱ्या प्रकाशाला आपली खूण देतो, पण ती फार क्षीण. १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये फ्लाइशमन आणि सहकाऱ्यांना मुद्दाम खडबडीत केलेल्या चांदीवर पिरिडीन या रसायनाची खूण ठळक दिसली. मूळ संकेतच लाखो पटींनी वाढतो, हे १९७७ मध्ये लक्षात आलं. हुपरीत चांदी गुळगुळीत करण्याला मजुरी मिळते, इथे ओरखडेच कामाचे ठरले. फक्त ही चांदीही हवेत काळी पडतेच. म्हणून टिकाऊपणा हवा असेल तिथे, संकेत जरा कमी मिळाला तरी, सोनं वापरतात.