गिटार, तंबोरा आणि इतर तंतुवाद्यांच्या तारा बदलणे

तारा बदलणे म्हणजे गिटार, मँडोलिन, युकुलेले, सतार, तंबोरा अशा वाद्यांवरच्या जुन्या झालेल्या किंवा तुटलेल्या तारा काढून नव्या चढवणं आणि त्या सुरात स्थिर करणं. यातलं शेवटचं काम लोक विसरतात. तार चढवायला फार वेळ लागत नाही, ती सुरात टिकावी म्हणून बाकीचा सगळा खटाटोप असतो, आणि टिकते की नाही हे ठरतं दोन टोकांवर, म्हणजे खाली ब्रिजपाशी, वाद्याच्या पोटावरच्या ज्या आधारावर तारा टेकतात तिथे, ती कशी अडकलीय आणि वर खुंटीवर कशी गुंडाळलीय. नवीन तारा टाकल्यापासून गिटार सारखी उतरतेय अशी तक्रार असते ना, त्यात तार स्वतः ताणली जाण्याचा वाटा थोडा असतो, बहुतेक वेळा एखाद्या टोकाला ढील राहिलेली असते आणि ती हळूहळू सरकत असते. वाद्य बदललं की ही टोकं धरायची पद्धत बदलते, बाकी काम सगळीकडे जवळजवळ तेच.

तार जुनी होते म्हणजे काय होतं

तुटली म्हणून बदलली हे सोपं कारण, पण तार तुटायच्या खूप आधी मेलेली असते. गिटारच्या जाड तारा म्हणजे आत पोलादाची तार आणि तिच्यावर ब्राँझ किंवा निकेलचढवलेल्या पोलादाची बारीक तार घट्ट गुंडाळलेली. बोटांचा घाम, त्यातलं मीठ, कातडीचा मळ हे सगळं त्या वेढ्यांच्या फटींत जाऊन बसतं आणि तिथून नीट निघत नाही, मग तारेचं वजन सगळीकडे सारखं राहत नाही. रोज फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, दाबून खालच्या बाजूला खाचा पडतात त्या वेगळ्याच. परिणाम असा की मोकळी तार ट्यूनरवर बरोबर दाखवते पण बाराव्या फ्रेटवर दाबली की सूर चढा नाहीतर उतरता लागतो, आणि माणूस गिटारलाच दोष देत सेटअप करायला निघतो. आधी तारा बदलून बघा, निम्म्या वेळा तिथेच काम होतं.

पहिली आणि दुसरी, म्हणजे सगळ्यांत बारीक दोन तारा साध्या पोलादाच्या असतात, वर फक्त कथलाचा पातळ मुलामा. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट खारट हवेत हा मुलामा फार दिवस पुरत नाही, पावसाळ्यात गिटार भिंतीला टांगून ठेवली तर न वाजवताही तांबेरा चढतो. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने तारा वरून आणि खालून पुसल्या तर आयुष्य बरंच वाढतं, याला पैसे पडत नाहीत आणि तरी कोणी करत नाही. रोज तास दोन तास वाजवणाऱ्याने एक दोन महिन्यांत बदलाव्यात असं साधारण म्हणतात, पण घाम ज्याचा त्याचा असतो, काहींच्या हातात तारा आठवड्यात काळ्या पडतात. १९९० च्या दशकात एलिक्सर या ब्रँडने प्लास्टिकसारखा पातळ थर दिलेल्या तारा बाजारात आणल्या, त्या महाग असतात पण दमट गावात राहणाऱ्याला शेवटी परवडतात.

उलट मत असणारेही आहेत. मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांवर बेस गिटार वाजवणारे जेम्स जेमर्सन तार तुटल्याशिवाय बदलत नसत असं प्रसिद्ध आहे. त्यांच्या तारा सपाट पट्टी गुंडाळलेल्या, म्हणजे फ्लॅटवाउंड होत्या आणि त्यांना तो दबका, गोल आवाजच हवा होता. बेसच्या तारांचा सेट महाग पडतो म्हणून काही जण जुन्या तारा पाण्यात उकळून घेतात, मळ सुटतो, आवाज थोडे दिवस परत येतो, मग पुन्हा जैसे थे.

जाडी आणि ताण

तारेचा सूर लांबी, ताण आणि वजनावर कसा ठरतो हे मारें मेर्सेन या फ्रेंच पाद्र्याने १६३६ साली मांडलं. ताण चौपट केला की सूर दुप्पट होतो, म्हणजे एक सप्तक वर जातो. याच हिशोबाने गिटार अर्धा सूर चढवली की ताण सुमारे १२ टक्के वाढतो, म्हणून जुन्या, पोट फुगलेल्या गिटारी अर्धा किंवा एक सूर उतरवून ठेवणं शहाणपणाचं असतं.

तारांची जाडी म्हणजे गेज इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. दुकानात "बाराचा सेट दे" म्हटलं की पहिली तार ०.०१२ इंचाची, आणि अशा सेटमध्ये सहावी सहसा ०.०५३. अकूस्टिकवर, म्हणजे पोलादी तारांच्या बिनविजेच्या गिटारवर, हा लाइट सेट चालतो, शिकणाऱ्याने दहा किंवा अकराचा घेतला तर बोटं कमी सोलतात. इलेक्ट्रिकवर नऊ किंवा दहा. पूर्वी हलक्या तारांचे सेट मिळतच नसत, रॉक वाजवणारे पहिली तार बँजोची लावायचे आणि बाकीच्या एकेक घर सरकवायचे, मग कॅलिफोर्नियाच्या अर्नी बॉलने १९६२ च्या सुमारास स्लिंकी नावाने हलके सेट विकायला सुरुवात केली आणि तेव्हापासून तार वाकवून वाजवणं सगळ्यांच्या आवाक्यात आलं.

बाराच्या सेटचा गिटारवर एकूण ताण ७० किलोच्या वर जातो. नायलॉनच्या सेटचा जवळपास त्याच्या निम्मा. म्हणून नायलॉनच्या गिटारवर "आवाज मोठा येईल" म्हणून पोलादी तारा चढवू नयेत, आज ना उद्या ब्रिज उखडतो. हे दरवेळी सांगावं लागतं आणि दरवेळी कोणीतरी करतंच.

पोलादी तारांची अकूस्टिक

आधी सगळ्या तारा ढिल्या करायच्या, ताणलेली तार पकडीने कापायची नाही, ती डोळ्यावर उडते. सहाच्या सहा तारा एकदम काढल्या तर मान वाकते असा समज आहे, तो साध्या अकूस्टिकपुरता खोटा आहे, तासाभरात काही होत नाही आणि तेवढ्यात फ्रेटबोर्ड पुसून होतो. शिसम किंवा एबनीच्या फ्रेटबोर्डला लेमन ऑइलचे दोन तीन थेंब लावून लगेच पुसून काढायचे. घरात आहे म्हणून खोबरेल तेल चोळू नये, चिकटा राहतो आणि त्यावर धूळ बसते.

ब्रिज पिन हे खरं अडणारं प्रकरण. पिन निघत नसेल तर पकडीने ओढू नका, पिनचं डोकं तुटतं किंवा ब्रिजचा टवका उडतो. वाइंडरला, म्हणजे खुंट्या भराभर फिरवायच्या हँडलला, पिन उचलायची खाच असते ती वापरायची, तेवढ्याने नाही निघाली तर साउंडहोलमधून हात घालून आतून नाण्याने वर ढकलायची. नवीन तार घालताना तिच्या टोकाची पितळी गोळी आत सोडायची, पिनची खाच साउंडहोलकडे ठेवून पिन बसवायची आणि पिनवर अंगठा ठेवून तार वर खेचायची म्हणजे गोळी आतल्या लाकडी पट्टीला जाऊन टेकते. टेकल्याचं हाताला कळतं. गोळी पट्टीला न टेकता पिनच्या खालच्या टोकावर बसली तर सुरात आणताना पिन टप्पकन उडते आणि माणूस दचकतो. पिन ठोकून घट्ट बसवून उपयोग नाही, तारेला धरून ठेवते ती आतली पट्टी, पिन फक्त गोळीला बाजूला सरकू देत नाही.

वरच्या टोकाला जाड तारांना दोन तीन वेढे आणि बारीक तारांना चार पाच बस्स झाले, प्रत्येक वेढा आधीच्या खाली यायला हवा, एकावर एक चढला तर तिथेच ढील राहते. त्यासाठी साधारण दीड खुंटी पुढपर्यंत तार धरून तिथे वाकवायची. गुंडाळलेली तार वाकवल्याशिवाय कापू नये, काही तारांचं वरचं वेष्टण सुटतं आणि अख्खी तार वाया जाते. सुरात आणल्यावर मधोमध बोटाने हलकेच वर ओढायची, परत सुरात आणायची, पुन्हा ओढायची, उतरायची थांबली की झालं. नटच्या, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाच्या पट्टीच्या, खाचेत पेन्सिलचं शिसं घासलं तर तार अडकत नाही.

नवशिक्यांच्या तारा चढवतानाच तुटतात त्याचं मुख्य कारण मोबाइलवरचा ट्यूनर. तो फक्त ई दाखवतो, कुठल्या सप्तकातला ते काही ॲप सांगतच नाहीत. सहावी तार ८२.४१ हर्ट्झला लागते आणि पहिली ३२९.६३ ला, आणि पहिली तार एक सूर वर गेली तरी माणूस पुढच्या ई च्या आशेने पिळतच राहतो. आधी जुन्या तारेचा सूर कानात ठेवा नाहीतर कीबोर्डवर ऐकून घ्या. आणि तार दरवेळी एकाच जागी तुटत असेल तर दोष तारेत नसतो, सॅडलवर (ब्रिजमधल्या ज्या पट्टीवर तार टेकते ती) किंवा खुंटीच्या भोकाला धार आलेली असते, ती बारीक पॉलिश पेपरने घासून काढायची.

नायलॉन

क्लासिकल गिटारला पूर्वी मेंढीच्या आतड्याच्या तारा असायच्या. दुसऱ्या महायुद्धात हे आतडं जखमा शिवायच्या धाग्यासाठी लागायला लागलं आणि तारा मिळेनात, तेव्हा न्यू यॉर्कच्या ऑल्बर्ट ऑगस्टीनने स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हियाच्या पाठिंब्याने ड्यूपाँट कंपनीच्या नायलॉनच्या तारा बनवल्या. आज तीन बारीक तारा साध्या नायलॉनच्या आणि तीन जाड म्हणजे नायलॉनच्या रेशमासारख्या धाग्यांवर चांदीचा मुलामा दिलेलं तांबं.

इथे गोळी नाही, पिन नाही, ब्रिजला गाठ मारायची. जाड तारांना एक वेढा पुरतो, बारीक गुळगुळीत तारांना दोन तीन घ्यावे लागतात, आणि शेवटचा वेढा ब्रिजच्या मागच्या कडेखाली दाबला गेला पाहिजे. पहिली तार सुटली तर तिचं टोक चाबकासारखं गिटारच्या वरच्या फळीवर बसतं आणि पॉलिशला कायमचा व्रण राहतो, म्हणून गाठ मारताना ब्रिजमागे पुठ्ठा ठेवतात. नायलॉन मात्र खरंच ताणतं, टोकं कितीही नीट बांधा तरी तीन चार दिवस उतरत राहणार, त्यामुळे कार्यक्रमाच्या आदल्या रात्री हे काम काढू नये.

इलेक्ट्रिक

फेंडर कंपनीच्या टेलिकास्टर गिटारमध्ये तार लाकडाच्या आरपार मागून येते, त्यांच्याच स्ट्रॅटोकास्टरमध्ये मागच्या स्प्रिंगांच्या ठोकळ्यातून. जिथे ब्रिज स्प्रिंगांवर तरंगतो तिथे तारांचा ताण आणि स्प्रिंगांचा ताण एकमेकांना तोलून धरत असतात, सगळ्या तारा काढल्या की ब्रिज मागे पडतो, म्हणून तिथे एकेक तार बदलायची. फ्लॉइड रोझ ब्रिजमध्ये गोळी कापून टाकतात आणि तार दोन्ही टोकांना ॲलन कीने चिमटतात. तार धरण्याचा एवढा पक्का बंदोबस्त फार थोड्या गिटारवर असतो, पण वेळ इतका खातो की स्टेजवर तार तुटली तर दुसरी गिटार उचलणंच बरं.

मँडोलिनमध्ये आठ तारा चार जोड्यांत असतात आणि ब्रिज चिकटवलेला नसतो, नुसता तारांच्या दाबाने उभा असतो. व्हायोलिनचंही तेच, वर त्याच्या आत एक काडी फक्त दाबाने उभी असते, सगळ्या तारा एकदम काढल्या की ती पडते आणि मग कारागिराकडेच जावं लागतं.

तंबोरा आणि सतार

तंबोऱ्याला सहसा चार तारा, पहिली पंचम, मधल्या दोन जोडाच्या (षड्जाच्या) आणि शेवटची खर्ज (खालचा षड्ज). जोडाच्या पोलादी, खर्ज पितळेची किंवा ब्राँझची, पंचम वाद्याप्रमाणे. तारेची जाडी ठरते गायकाच्या पट्टीवर, म्हणजे हार्मोनियमच्या ज्या स्वराला तो सा धरतो त्यावर, काळी चार किंवा पाचला गाणारीचा तंबोरा आणि काळी एकला गाणाऱ्याचा तंबोरा यांच्या तारा अदलाबदल करून चालत नाहीत, जाड तार वर चढवली तर तुटते आणि बारीक तार खाली आणली तर नुसती लोंबते, बोलत नाही.

खालच्या टोकाला तारेला पीळ देऊन फास करतात आणि अडकवतात. मग घोडीवर, म्हणजे इथल्या ब्रिजवर, नेण्याआधी मणी ओवायचा, हे चुकलं की सगळं पुन्हा, कारण मणी घोडी आणि खालचं टोक यांच्या मध्येच असतो आणि बारीक सूर त्यानेच लावतात. वरच्या हाडाच्या पट्टीतल्या भोकातून तार खुंटीत जाते. खुंटी लाकडाची, निमुळती, कुठलाही स्क्रू नाही, नुसत्या घर्षणाने उभी. म्हणून फिरवताना ती आत दाबत फिरवायची आणि तारेचे वेढे असे घ्यायचे की खुंटी आत ओढली जाईल. सरकत असेल तर खडू लावतात. पावसाळ्यात लाकूड फुगून खुंट्या अडकतात आणि मार्च एप्रिलच्या कोरड्या हवेत त्याच खुंट्या आपोआप सुटतात, एसी हॉलमध्ये तर एका बैठकीतच दोन्ही अनुभव येतात.

नवी तार सुरात आली तरी तंबोरा लगेच झणकारत नाही. घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवत नेमकी जागा शोधावी लागते, तिथे जवारी, म्हणजे तो झणकार, खुलते. जुन्या तारेने घोडीत चर पाडलेला असेल तर दोरा काही करू शकत नाही, घोडीच घासून जवारी काढावी लागते, आणि हे काम घरी करू नये, मिरजेला किंवा तिथे शिकलेल्या कारागिराकडे न्यावं. मिरजेत शिकलगार घराण्याने १९ व्या शतकात हा धंदा उभा केला, त्याआधी ही मंडळी शस्त्रांचं काम करायची, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

सतारीत वरच्या सहा सात तारा सोप्या, नाकी नऊ आणतात त्या तरफा. पडद्यांच्या खालून जाणाऱ्या अकरा ते तेरा बारीक तारा, प्रत्येकीची खुंटी दांडीच्या बाजूला आणि दांडीतल्या छोट्या भोकातून तार आत जाते, ती आतून बाहेर काढायला वाकवलेल्या तारेचा आकडा लागतो. एक तरफ बदलताना शेजारची ढिली होते. जाणकार वाजवणारे तरफा तुटेपर्यंत बदलत नाहीत आणि त्यात काही बिघडत नाही, तरफांना बोट क्वचितच लागतं त्यामुळे घामही फारसा लागत नाही.

कापलेले तुकडे लगेच गोळा करून कागदात गुंडाळून टाकावेत. आपल्याकडे घरात अनवाणी फिरतात आणि पहिल्या तारेचा तुकडा फरशीवर दिसत नाही, तळपायाला लागल्यावरच सापडतो.