पुढचा ओटू, मागचा ओटू: दिवा एकच, दुखणी दोन

"मामा, स्पेसर लावला तरी दिवा जात नाहीये."

डिसेंबरातली गारठलेली सकाळ. भाचा त्याची जुनी पोलो जीटी घेऊन कोथरूडला माझ्या दारात उभा. महिन्यापूर्वी त्याने भोसरीच्या एका फॅब्रिकेटरकडून नवा डाउनपाइप (टर्बोतून धूर बाहेर नेणारा पहिला पाइप) बनवून घेतला होता. त्यानंतर काही दिवसांतच चेक इंजिनचा दिवा मुक्कामाला आला. मित्रमंडळाने एकमुखाने निदान केलं: एक्झॉस्ट बदललास ना, मग मागच्या ऑक्सिजन सेन्सरला स्पेसर (सेन्सर आणि पाइपामध्ये बसणारा तुकडा) लाव. लावला. दिवा जागचा हलला नाही. हलणार कसा? मी स्कॅनर जोडला तर बिघाडाचा कोड निघाला पी०१३५, म्हणजे पुढच्या सेन्सरच्या हीटरचा. दुखतोय डावा गुडघा आणि लेप लावलाय उजव्याला.

गफलत होण्यासारखीच आहे. दोन्ही सेन्सर दिसायला भाऊ-भाऊ. दोघांचे आटे सहसा १८ मिमी व्यासाचे, दोघांना २२ चा पाना लागतो, दोघांच्या शेपटीला वायरी, आणि गॅरेजात दोघांनाही सरसकट 'ओटू सेन्सर' (ओटू म्हणजे O2, ऑक्सिजन) म्हणतात. पण एक कॅटच्या, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, आधी बसतो आणि दुसरा कॅटच्या नंतर. एवढ्या वीतभर अंतराने त्यांची कामं पार बदलतात.

पीएमपीची बस डोळ्यांपुढे आणा. पुढचा सेन्सर म्हणजे ड्रायव्हरचे डोळे आणि मागचा म्हणजे अधूनमधून चढणारा तिकीट तपासनीस. तपासनीस आला नाही तरी बस कात्रजला पोचते, फक्त फुकटे वाढतात. ड्रायव्हरला दिसेनासं झालं तर बस कुठे पोचेल ते सांगता येत नाही.

पुढचा सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि त्यावरून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल किती सोडायचं ते सतत सुधारत राहतो. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, वजनाने. या गुणोत्तराला लॅम्डा १ म्हणतात. आजच्या बहुतेक टर्बो गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड असतो. मिश्रण १ पासून किती ढळलंय, ते तो आकड्यात सांगतो. टर्बोला हे लागतंच, कारण बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो हवा दाबून भरत असताना, इंजिन मुद्दाम जास्त पेट्रोलवर, लॅम्डा ०.८ ते ०.९ च्या आसपास चालवलं जातं, नाहीतर सिलिंडरमधली उष्णता आवरत नाही. मागचा सेन्सर बहुधा नॅरोबँड. त्याला फक्त 'पेट्रोल जास्त' की 'हवा जास्त' एवढंच कळतं. जास्त पेट्रोलला ०.९ व्होल्टच्या आसपास, जास्त हवेला ०.१ च्या आसपास. वायरी मोजल्या तरी बऱ्याचदा ओळख पटते: नॅरोबँडला चार, वाइडबँडला पाच किंवा सहा.

मागच्याचं मुख्य काम कॅटवर नजर ठेवणं. चांगला कॅट ऑक्सिजन साठवतो आणि लागेल तसा सोडतो, म्हणून त्याच्या पलीकडे चढउतार जवळपास विरून जातात. गरम इंजिनावर मागच्याचं व्होल्टेज ०.६-०.७ च्या आसपास निवांत राहत असेल तर कॅट धडधाकट आहे. ते भराभर वरखाली उड्या मारायला लागलं की कॅट थकलाय किंवा जागेवरच नाही. मग येतो पी०४२०, कॅट नीट काम करत नसल्याचा कोड. (तपासनीस मधूनच ड्रायव्हरच्या कानातही काही सांगतो, म्हणजे मागच्याच्या वाचनावरून ईसीयू मिश्रणात बारीक दुरुस्ती करतो. त्यामुळे त्याला अगदीच बिनकामाचा समजू नका.)

आता गाडीला काय बदललंय ते आधी बघा. फक्त कॅटच्या मागचा पाइप आणि सायलेन्सर बदलला असेल तर दोन्ही सेन्सर जागच्या जागी असतात आणि या सगळ्या चर्चेशी तुमचा संबंध नाही. आवाज बदलला, शेजारी नाराज झाले, विषय संपला. डाउनपाइप बदलला तर मात्र बऱ्याच टर्बो पेट्रोल गाड्यांत कॅट त्यातच असतो, म्हणून दोन्ही सेन्सर उपटून नव्या पाइपात बसवावे लागतात. खरी काळजी इथे, आणि ती पुढच्याची जास्त.

पहिली गोष्ट, जागा. पुढचा सेन्सर टर्बोच्या नंतरच हवा. टर्बोच्या आधी धुराचा दाब आणि उष्णता दोन्ही जास्त असतात आणि वाइडबँडचं वाचन दाबाने फुगतं. बूस्टमध्ये जास्त पेट्रोल असलेलं मिश्रण त्याला आहे त्याहून जास्त पेट्रोलचं दिसतं. त्यावर विश्वास ठेवून ईसीयूने पेट्रोल कमी केलं की नॉकिंगला (मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोकण्याला) आमंत्रण.

दुसरी गोष्ट कोन, आणि भाच्याची गाडी इथेच अडली होती. फॅब्रिकेटरने सेन्सरचा नट पाइपाच्या पोटाशी वेल्ड केला होता, कारण तिथे हात सहज जात होता. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं आणि थंड पाइपात ते खाली साठतं. सेन्सरच्या टोकाला सिरॅमिक असतं, आतला हीटर ते काही सेकंदांत शेकडो अंशांवर नेतो. तापलेल्या सिरॅमिकवर गार पाण्याचा थेंब पडला की ते तडकतं, हीटरही त्याबरोबर जातो. पुण्यात असं व्हायला बर्फ पडावा लागत नाही, डिसेंबरातली एक सकाळ पुरते. म्हणून नट वरच्या अंगाला, घड्याळातल्या दहा ते दोनच्या दरम्यान बसवावा, म्हणजे सेन्सरचं टोक खाली झुकलेलं राहतं आणि पाणी निथळून जातं.

तिसरी, गळती. पुढच्या सेन्सरच्या आधी फ्लँजला (पाइपांच्या जोडाला) केसाएवढी फट राहिली तरी घोळ होतो. धूर ठोक्याठोक्याने येतो आणि दोन ठोक्यांमध्ये दाब घटला की फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो आणखी सोडतो. अ‍ॅव्हरेज घसरतं, प्लग काळे होतात आणि माणूस दोष पेट्रोलपंपाला देतो. गॅसकेटऐवजी साधं सिलिकॉन चोपडलं असेल तर आणखी वाईट. त्याची वाफ सेन्सरवर थर धरते आणि सेन्सर मंद होतो.

वायर कमी पडली तर दोघांची पथ्यं वेगळी. वाइडबँडच्या कनेक्टरमध्ये अनेकदा त्या-त्या सेन्सरपुरता जुळवलेला एक रेझिस्टर असतो. कनेक्टर कापून दुसऱ्याचा लावला की सेन्सर नवा असला तरी वाचन चुकीचं. नॅरोबँड सेन्सर बऱ्याचदा तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या आतूनच घेतात, म्हणून सोल्डर करून वाट बुजवायची नाही, क्रिंप करायचं, म्हणजे दाबून जोडायचं. सगळ्यात बरं म्हणजे दोन्ही बाजूंना मूळ कनेक्टर असलेली एक्स्टेन्शन वायर मिळते ती घ्यावी.

राहिला स्पेसर. तो मागच्या सेन्सरचं टोक प्रवाहाच्या बाहेर ओढतो, त्याला चढउतार मंद दिसतात आणि पी०४२० येत नाही. पुढच्या सेन्सरच्या दुखण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. तपासनीसाला काळा चष्मा घालण्याचा हा प्रकार मला पटत नाही. एकतर उद्या कॅटचे तुकडे पडून पाइप तुंबला तरी दिवा गप्प. दुसरं, कॅट काढणं किंवा निकामी करणं मोटार वाहन कायद्यात बसत नाही. प्रदूषणाच्या मानकांचा भंग कलम १९०(२) खाली येतो आणि पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ज्या शहरात टेकडीवर एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था १९६६ पासून गाड्या तपासतंय, तिथल्याच पोरांनी कॅट उपटून फिरावं हे मला तरी विनोदी वाटतं.

भाच्याचा नट वरच्या अंगाला पुन्हा वेल्ड केला, पुढचा सेन्सर नवा घातला आणि माझ्या हट्टापायी मागचा स्पेसर काढला. पी०१३५ परत आला नाही. पण आठवड्याने फोन आला, "मामा, आता पी०४२०."

नव्या डाउनपाइपात कॅट होता, पण चौरस इंचाला २०० छिद्रांचा. मूळ कॅटमध्ये बहुधा ४०० च्या वर असतात. छिद्रं कमी, म्हणून ऑक्सिजन साठवायला जागाही कमी. या वेळी तपासनीस खरं बोलत होता. भाचा आता भोसरी-चिंचवडात ४०० चा कॅट शोधत हिंडतोय.