देवगिरीचे उंदीर आणि फेजचे मरिनी सुलतान

देवगिरीच्या अंधारकोठडीतले उंदीर मांजरांपेक्षा मोठे, मांजरंच त्यांना घाबरून पळतात, ही चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता याने नोंदवलेली गोष्ट आपल्याकडे बऱ्याच जणांच्या कानावर असते. पण ती कागदावर उतरली मोरोक्कोतल्या फेज शहरात. सुलतान अबू इनानचा हुकूम होता. बतूता सांगत गेला, लेखनिक इब्न जुझय लिहीत गेला आणि १३५५ साली ग्रंथ पुरा झाला. हा अबू इनान मरिनी घराण्यातला.

मरिनी मूळचे सहाराच्या कडेने जनावरं चारत फिरणारे झनाता बर्बर (उत्तर आफ्रिकेतल्या मूळ रहिवाशांची एक शाखा). १२१२ साली स्पेनमध्ये लास नावास दे तोलोसाच्या लढाईत तेव्हा मोरोक्को आणि दक्षिण स्पेनवर राज्य करणाऱ्या मुवह्हिद साम्राज्याचं कंबरडं मोडलं आणि या टोळीला उत्तरेची वाट मोकळी झाली. १२४८ मध्ये फेज, १२६९ मध्ये मराकेश. राज्य मिळालं, पण ते आपलंच का, याला उत्तर नव्हतं. मुवह्हिदांकडे निदान इब्न तूमर्त नावाचा महदी, म्हणजे ईश्वराने पाठवलेला मार्गदर्शक, होता. यांच्याकडे फक्त घोडेस्वार. मग त्यांनी दोन मार्ग धरले: स्पेनमध्ये जिहाद आणि देशात मदरसे. दुसरा मार्ग जास्त टिकला. वक्फच्या (धर्मादाय दान दिलेल्या मालमत्तेच्या) उत्पन्नावर चालणाऱ्या या मदरशांत बाहेरगावची पोरं छोट्या खोल्यांत राहायची, मालिकी पंथाचा इस्लामी कायदा शिकायची आणि पुढे काझी, कारकून व्हायची. जुन्या फेजच्या शेजारी १२७६ मध्ये सुलतानांनी स्वतःसाठी नवं फेज वसवलं.

शेजारच्या त्लेमसेन शहरावर (आजच्या अल्जीरियात) मात्र त्यांचा पहिल्यापासून डोळा. १२९९ ला वेढा पडला तो आठ वर्षं उठलाच नाही. छावणीचं गाव झालं, गावाचं शहर: मशीद, बाजार, हमामखाने, नाव अल-मन्सूरा, म्हणजे विजयी. १३०७ मध्ये सुलतानाला त्याच्याच एका खोजाने मारलं आणि वेढा उठला. तिथल्या मशिदीचा मिनार आजही उभा आहे, पण अर्धाच; नारळ फोडावा तसा उभा चिरलेला.

पुढे मरिनी सुलतान अबुल हसनने, म्हणजे अबू इनानच्या बापाने, १३३७ मध्ये त्लेमसेन घेतलंच. १३४० मध्ये स्पेनमध्ये रिओ सालादोला मार खाऊनही १३४७ मध्ये त्याने ट्यूनिस गाठलं. अवघा मगरिब, म्हणजे उत्तर आफ्रिकेचा पश्चिम भाग, एका हाताखाली आला, तो जेमतेम वर्षभर. १३४८ मध्ये कैरवानजवळ अरब टोळ्यांनी त्याची फौज उधळली, त्यात प्लेग. ट्यूनिसमध्ये, पुढे इतिहासकार म्हणून गाजलेल्या तरुण इब्न खल्दूनचे आईवडील त्याच साथीत गेले. इकडे बाप मेल्याची अफवा येताच अबू इनान गादीवर बसला. परतताना बापाचं आरमार वादळात बुडालं आणि १३५१ मध्ये तो अ‍ॅटलासच्या डोंगरात परागंदा अवस्थेत मेला.

अबू इनानने आपल्या नावाचा देखणा मदरसा बांधला. त्याच्यासमोरच्या भिंतीवर १३५७ मध्ये पाण्याचं घड्याळ बसवलं: खिडक्यांची ओळ, खाली पितळी वाट्या. त्याच वर्षी त्याने इब्न खल्दूनला तुरुंगात टाकलं. १३५८ मध्ये आजारी सुलतानाचा वजिरानेच गळा आवळला, तेव्हा खल्दून सुटला. टोळीची एकजूट राजवाड्यात कशी विरते, हे त्याने पुढे सविस्तर मांडलं. त्याला उदाहरण शोधायला लांब जावं लागलं नसणार.

माझ्या मते सल्तनत खरी संपली ती इथेच. नंतर वजीर सुलतान बसवत आणि उठवत राहिले. १४१५ मध्ये पोर्तुगिजांनी मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं सेउटा बंदर घेतलं (हेच पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात पोचले). १४२० मध्ये सुलतानाचा खून होऊन तान्हा अब्दुल हक गादीवर आला, कारभार वत्तासी घराण्याकडे. मोठेपणी, १४५९ मध्ये, त्याने त्या घराण्याची कत्तल केली. १४६५ मध्ये फेजच्या बंडखोरांनी त्यालाच गळा चिरून मारलं.

कत्तलीतून वाचलेला वत्तासी मुहम्मद अल-शेख फेजला वेढा घालून बसला असताना, १४७१ मध्ये पोर्तुगिजांनी त्याच्या ताब्यातलं अर्झिला बंदर घेतलं. ती बातमी येताच टँजियरचे लोक शहर सोडून गेले आणि पोर्तुगीज न लढता आत शिरले. टँजियर म्हणजे इब्न बतूताचं जन्मगाव.