रक्त संयोजी ऊतीत कसं गेलं? ऊतींच्या चार प्रकारांची पार्श्वभूमी

अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता ऊती काय काय करतात ते शाळेत सगळ्यांनी घोकलंय, ते परत लिहीत नाही. पण ही चारचीच यादी आली कुठून, आणि रक्तासारखी वाहती गोष्ट संयोजीच्या खात्यावर कशी काय जमा झाली, ते मात्र बघण्यासारखं आहे.

सुरुवातीचं पटकन. १८०० च्या सुमारास पॅरिसमधल्या एका तरुण डॉक्टरने मृतदेहांतले तुकडे उकळून, वाळवून, ॲसिडमध्ये टाकून ऊतींचे २१ प्रकार सांगितले, तेही मायक्रोस्कोप न वापरता, कारण तेव्हाच्या लेन्समधून दिसणाऱ्या गोष्टींवर त्याचा भरवसाच नव्हता. आजार अख्ख्या अवयवाला नाही तर त्यातल्या एखाद्या ऊतीला होतो, हा मुद्दा त्याने मांडला आणि ३० व्या वर्षी गेला बिचारा. पुढे १८३० च्या दशकात लेन्स सुधारल्या, १८३८-३९ मध्ये पेशी सिद्धांत (सगळे सजीव पेशींचेच बनलेले) आला, आणि २१ चे आकसत १८५० च्या दशकात साधारण आजचे चार झाले. मग ऊतींचे काप मायक्रोस्कोपखाली नीट दिसावेत म्हणून रंग आले, आधी कार्माइन, नंतर हेमॅटॉक्सिलिन आणि १८७० च्या दशकात त्याच्या जोडीला इओसिन. केंद्रक निळं-जांभळं, बाकी सगळं गुलाबी. पॅथॉलॉजी लॅबमध्ये आजही पहिली स्लाइड याच जोडीने रंगवतात, म्हणजे आपण ऊती ज्या नजरेने बघतो ती नजर दीडशे वर्षं जुनी आहे.

आता खरा गुंता. अभिस्तर म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या पेशींचा थर, स्नायू आकुंचन पावतात, चेता संदेश नेतात, हे तिन्ही ओळखायला सोपे. संयोजी मात्र पहिल्यापासून अडगळीची खोली झालीय, हाड तिथेच, कूर्चा तिथेच, मेद, स्नायुरज्जू, अस्थिबंध तिथेच, आणि मग रक्तही तिथेच ढकललं. कारण असं देतात की संयोजी ऊतीत पेशी विरळ असतात आणि मधे भरपूर आधारक (पेशींमधला भराव) असतो, हाडात तो घट्ट, कूर्चेत लवचिक आणि रक्तात पातळ, म्हणजे रक्तद्रव्य. ऐकायला छान वाटतं. पण हाडाचा आधारक हाडाच्याच पेशी बनवतात, कूर्चेचा कूर्चेच्या, आणि रक्तद्रव्यातली अल्ब्युमिनसारखी मुख्य प्रथिनं बनतात यकृतात, रक्तपेशींचा त्यात हात नाही. तंतू म्हणाल तर फायब्रिनचे धागे रक्त गोठतानाच तयार होतात, वाहत्या रक्तात नसतात.

मग दुसरं कारण पुढे येतं की गर्भात रक्त मध्यस्तरापासून (गर्भाच्या सुरुवातीच्या तीन थरांपैकी मधला) बनतं, बाकी संयोजी ऊतींसारखंच. बरं, पण स्नायूही मध्यस्तरापासूनच बनतात की, त्यांना वेगळा कप्पा कसा मिळाला? अभिस्तर ऊती तर गर्भाच्या तिन्ही स्तरांपासून बनतात आणि तरी एकाच नावाखाली बसतात. म्हणजे एका ठिकाणी उगम बघायचा, दुसऱ्या ठिकाणी काम आणि तिसऱ्या ठिकाणी दिसणं! त्यात २०१० च्या आसपास झेब्राफिश आणि उंदरांच्या भ्रूणात प्रत्यक्ष दिसलं की रक्ताच्या मूळ पेशी महाधमनीच्या आतल्या अस्तरातून सुटून बाहेर पडतात, आणि हे अस्तर आपण मोजतो अभिस्तरात.

विरुद्ध बाजूचंही थोडं खरं आहे. अस्थिमज्जेची जाळी संयोजीच असते, आणि रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी संयोजी ऊतीत शिरून तिथे मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, होतात, म्हणजे दोन्हींत येणंजाणं भरपूर. काही पुस्तकं तेवढ्यावर रक्ताला 'विशेष' किंवा 'द्रव' संयोजी म्हणून मोकळी होतात. पण कॅन्सरची नावं बघा. अभिस्तराचा तो कार्सिनोमा, हाड, कूर्चा, मेद, स्नायूंचा तो सार्कोमा, आणि रक्ताचा आला की ल्युकेमिया, लिम्फोमा असा वेगळाच दरवाजा. दवाखान्यात ज्यांना रोज निर्णय घ्यायचेत त्यांनी ही वाटणी केव्हाच सोडून दिली, शाळेतल्या चार्टवर मात्र ती टिकून आहे.

चेता ऊतीचं भांडण जास्त गाजलेलं आहे म्हणून थोडक्यात सांगतो. सगळं मिळून एक अखंड जाळं की सुट्ट्या पेशी, या वादातल्या दोन विरोधकांना १९०६ चं नोबेल अर्धं अर्धं मिळालं, आणि दोन पेशींमधली फट स्वच्छ दिसायला १९५० च्या दशकातला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप यावा लागला.

संयोजीच्या त्या अडगळीच्या खोलीतून मात्र अलीकडे एकेक वस्तू बाहेर निघतेय. मेद ऊती म्हणजे नुसतं साठवण आणि ऊब असं म्हणायचे, १९९४ मध्ये लेप्टिन सापडलं आणि कळलं की चरबी हार्मोन सोडून मेंदूला भुकेचा हिशोब कळवते. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका टीमने जिवंत शरीरात पित्तनलिकेच्या भिंतीत द्रवाने भरलेल्या पोकळ्या पाहिल्या, भोवती कोलॅजेन या चिवट प्रथिनाची जाळी. स्लाइड बनवताना द्रव निघून जातो आणि पोकळ्या मिटतात, मागे उरलेल्या बारीक फटी लोक स्लाइडचा दोष समजायचे. बातम्यांनी लगेच 'नवा अवयव' करून टाकला, जे अतिच झालं, कारण पेशींमधला द्रव आधीपासून माहीत होता.

आता तर एकेका पेशीतली कोणती जनुकं चालू आहेत ते वाचून अवयवांचे नकाशे बनतायत. त्यात सुरुवातीची ढोबळ वाटणी बहुतेक वेळा अशी असते: अभिस्तर, रक्तवाहिन्यांचं अस्तर, आधार देणाऱ्या पेशी आणि चौथा गट रक्त व प्रतिकारशक्तीच्या पेशींचा, स्वतंत्र.